बिनव्याजी उसनवारी

आम्ही ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो तेथे मराठी विभाग आणि जैवतंत्रज्ञानाचा पदव्युत्तर विभाग एकाच मजल्यावर, समोरासमोर आहेत. मधल्या व्हरांड्यात त्यांचा एक डीप फ्रीझर अहोरात्र घुमत असतो, आणि आमच्याकडे कपाट उरले नाही म्हणून त्याच्या डोक्यावर 'सत्यकथे'चे जुने अंक रचून ठेवलेले आहेत. दोन ज्ञानशाखांमधला एवढाच काय तो व्यवहार. गेली कित्येक वर्षे तो तसाच सुखेनैव चालला होता, आणि त्यात काही उणे आहे असे आम्हांसही कधी वाटले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात समोरच्या विभागातली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्या दारात येऊन उभी राहिली. प्रबंधाचा गोषवारा तिला मराठीत लिहायचा होता. तो विद्यापीठाने मागितला नव्हता की मार्गदर्शकांनी सांगितला नव्हता. तिचे वडील यवतमाळ जिल्ह्यात कपाशी करतात. पोरगी दोन वर्षे तिकडे नेमके काय करते आहे हे त्यांना वाचायचे होते. "सर, जीन एक्स्प्रेशनला काय म्हणू?" आम्ही म्हणालो, "जनुकाची अभिव्यक्ती म्हण." ती हसली, अभिव्यक्ती हा शब्द आपल्या पेट्रीडिशमध्ये निघेल अशी तिची अपेक्षा नसावी. "आणि ट्रान्स्क्रिप्शन, ट्रान्स्लेशन?" आम्ही परिभाषा कोश काढायला उठलो, तोच तीच म्हणाली, "राहू द्या सर. प्रतिलेखन आणि भाषांतरण. दहावीला होतं की आम्हांला."

म्हणजे शब्द होते. पंधराव्या वर्षी होते आणि तेविसाव्या वर्षी ते विसरायला लावलेले होते. रेणवीय विज्ञानांचे पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे ज्या रीतीने चालते ती रीत विद्यार्थ्याला मुके करणारी आहे, आणि या मुकेपणात साहित्याच्या अध्यापकांचा वाटा प्रयोगशाळेतल्यांहून कमी नाही, असे आमचे म्हणणे आहे. त्यावर दोन्हीकडची मंडळी रागावतील. रागवावेत.

या अभ्यासक्रमाचे स्वरूप साहित्याच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. चार सत्रे असतात. पेशीशास्त्र, जीवरसायनशास्त्र, रेणवीय जीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, तोंडी लावण्यापुरते संख्याशास्त्र आणि शेवटी प्रबंध. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ साली निघाला. त्या सुमारास हा विषय मोजक्या विद्यापीठांत होता. पुढे विनाअनुदानित तत्त्वावर तो गावोगाव पोचला. शिकून बाहेर पडणाऱ्यापुढे नेटची परीक्षा असते. जीवविज्ञानाची ही परीक्षा २०० गुणांची, आणि त्या २०० गुणांत स्वतःचे एक सबंध वाक्य लिहिण्याचा प्रसंग परीक्षार्थीवर येत नाही. चारांतला एक पर्याय निवडायचा आणि पुढे जायचे. (आमच्या मराठीच्या नेटलाही २०१२ पासून हीच कळा आलेली आहे, तेव्हा आम्ही हसावे असे काही नाही.) प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत निघते, मराठी तिच्यात नाही.

प्रयोगशाळेतले चित्र आणखी बोलके आहे. जिवाणूंच्या पेशींतून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे लहानसे वर्तुळ, वेगळे काढण्याची एक कृती बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. तिला तीन द्रावणे लागतात. पहिल्यात जिवाणू कालवून घ्यायचे. दुसऱ्यात कॉस्टिक सोडा आणि साबणाच्या जातीचे एक द्रव्य असते. त्याने पेशी फुटते आणि डीएनएच्या दोन धाग्यांची वेणी सुटते. तिसऱ्याने अल्कता उतरवायची. ती उतरताच लहान वर्तुळाचे दोन धागे, एकमेकांत अडकलेलेच असल्यामुळे, क्षणात पुन्हा जुळतात. गुणसूत्राच्या लांबलचक धाग्यांना मात्र आपापला जोडीदार सापडत नाही, त्यांचा गुंता होतो आणि तो गुंता प्रथिनांसह साका होऊन खाली बसतो. वर निवळीत प्लाझ्मिड उरतो. एखाद्या उत्तम कथेत जशी एका साध्या गोष्टीतून पुढची सारी गुंतागुंत उलगडते, तसे हे आहे. आता तयार संच मिळतात. बाटल्यांवर पी-१, पी-२, एन-३ अशी अक्षरे असतात. पी-१ घाला, पी-२ घाला, पाच मिनिटे थांबा, एन-३ घाला. त्या मुलीला आम्ही विचारले, एन-३ मध्ये काय असते? ती प्रामाणिक होती. म्हणाली, "पाठ केलं होतं सर, पण आपल्या शब्दांत नाही सांगता येणार."

आपल्या शब्दांत. आम्ही इतकी वर्षे 'स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहा' हा प्रश्नपत्रिकेतला मजकूर डोळ्यांआड करीत आलो. त्याचा अर्थ आम्हांला त्या दिवशी लागला.

वास्तविक ही मुले प्रयोगशाळेत आपसांत मराठीच बोलतात, आणि ती मराठी काही मेलेली नाही. ती पीसीआर 'लावतात', जेल 'रन करतात', बँड 'आला' किंवा 'आला नाही' म्हणतात, आणि विरजण लावावे तसे कल्चर रात्रभर 'लावून ठेवतात'. (दही लावणे हीसुद्धा जिवाणूंची शेतीच आहे, तेव्हा क्रियापद आपल्या घरी परत आले इतकेच.) पण चर्चासत्र सुरू झाले, पडद्यावर पहिली पाटी उमटली, की ही बोलती मुले एकदम गप्प होतात. शंका विचारणे जिवावर येते. कारण शंका ही अर्ध्या कच्च्या वाक्यात येते आणि कच्चे वाक्य परभाषेत बोलण्याची लाज वाटते. जो विद्यार्थी शंका विचारीत नाही तो पदव्युत्तर पातळीवर विज्ञान शिकत नाही. तो कृती पाठ करतो. मराठी माध्यमातून आलेल्या किती मुलांची बुद्धी या लाजेपायी वाया गेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

येथवरचे गाऱ्हाणे नवे नाही. 'मातृभाषेतून विज्ञान' या मथळ्याखाली ते पिढ्यानपिढ्या होत आले आहे. आमचे भांडण त्याच्या पुढे सुरू होते.

ज्या भाषेत या मुलांना मुके केले जाते ती भाषा मुळात कोणाची? प्रतिलेखन, भाषांतरण, संकेत, संपादन, मुद्रितशोधन, भाष्य, ग्रंथालय, वाचन-चौकट, समानार्थी, निरर्थक, विपरीतार्थी: रेणवीय जीवशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाची शब्दसूची उघडा, हे सारे शब्द इंग्रजी वेषात तेथे बसलेले दिसतील. हे आमच्या घरातले सामान आहे. श्रोडिंगरने 'व्हॉट इज लाइफ?' हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध केले. गुणसूत्रांत एक सांकेतिक संहिता असावी ही कल्पना त्यात आहे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी रोझालिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण चित्रांचा आधार घेऊन डीएनएची रचना मांडली. १९६१ साली निरेनबर्ग आणि माथाई यांनी संकेतातला पहिला 'शब्द' वाचला, आणि १९६६ पर्यंत चौसष्टही वाचून झाले. या कामात हरगोविंद खोराना यांचा वाटा मोठा होता. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना, निरेनबर्ग यांना आणि हॉली यांना विभागून मिळाले. चौसष्टांपैकी एकसष्ट शब्द वीस अमिनो आम्लांसाठी, उरलेले तीन पूर्णविराम. (या तीन पूर्णविरामांची टोपणनावे अंबर, ओकर आणि ओपल अशी आहेत. एवढी काव्यात्म विरामचिन्हे आमच्या लेखननियमांत नाहीत.)

सारा डोलारा रूपकाचा आहे. त्यात गैर काही नाही. न पाहिलेल्या गोष्टीला नाव देताना माणूस रूपकच वापरणार. गैर आहे ते हे की एम.एस्सी.च्या वर्गात हे रूपक आहे असे कोणी सांगत नाही. एव्हलिन फॉक्स केलर यांनी १९९५ साली आणि लिली के यांनी २००० साली या रूपकांचा इतिहास आणि त्यांची किंमत ग्रंथरूपाने मांडली. ती पुस्तके ना समोरच्या विभागाच्या कपाटात आहेत, ना आमच्या. क्रिकचा 'सेंट्रल डॉग्मा' प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो: डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन. डॉग्मा म्हणजे ज्याविषयी शंका घेता येत नाही अशी श्रद्धा, हे क्रिकला तो शब्द योजताना नीट उमगले नव्हते, पुराव्याने पूर्ण सिद्ध न झालेली कल्पना एवढ्याच अर्थाने त्याने तो वापरला होता, अशी कबुली त्याने स्वतः १९८८ च्या आत्मकथनात देऊन ठेवली आहे. शब्दाची निवड चुकली, आणि त्या चुकीला आज महाराष्ट्रभर परीक्षेत गुण मिळतात. १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी आरएनएपासून उलट डीएनए करणारे विकर शोधले तेव्हा 'सिद्धांत कोसळला' अशी ओरड झाली. क्रिकने मूळ विधान तसे केलेलेच नव्हते. माहिती प्रथिनात गेली की परत फिरत नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. हे विकर २०२० साली गावोगाव पोचले. आरटी-पीसीआर हा शब्द ज्याने उच्चारला नाही असा माणूस त्या वर्षी विरळा, पण त्यातली 'आरटी' म्हणजे उलटे प्रतिलेखन हे त्यांपैकी कितीजणांना सांगितले गेले?

रूपक ओळखता आले नाही म्हणजे काय होते, याचा एक लहान दाखला देतो. डीएनए ठरावीक ठिकाणी कापणारी विकरे असतात. त्यांतले एक जी-ए-ए-टी-टी-सी या क्रमापाशी कापते. या क्रमाला 'पॅलिंड्रोम' म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांना पॅलिंड्रोम म्हटले की 'चिमा काय कामाची' आठवते. पण हा क्रम उलटा वाचून पाहा: सी-टी-टी-ए-ए-जी. कुठे आहे पॅलिंड्रोम? तो एका धाग्यावर नसतोच. समोरच्या पूरक धाग्यावर, उलट दिशेने वाचले की तीच अक्षरे मिळतात. भाषेतल्या विलोमाहून हा प्रकार वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा समजला की विकराच्या त्या जागेची सममिती, त्याची दोन सारखी अंगे, सारे समजते. शब्द उसना घेताना काय घेतले आणि काय मागे ठेवले, हे सांगणे हाच शिक्षकाचा धर्म होता.

दुसरा दाखला याहून मोठा आहे. एकाच अमिनो आम्लासाठी अनेक संकेतशब्द असतात; त्यांना समानार्थी म्हणतात. एकाच्या जागी दुसरा आला तर प्रथिन तेच राहते, म्हणून अशा बदलाला 'मूक' उत्परिवर्तन असे नाव पडले. बरीच वर्षे शिकवले गेले की मूक बदलाने काही होत नाही. २००७ साली 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला: पेशीतून औषधे बाहेर फेकणाऱ्या एका मानवी प्रथिनाच्या जनुकात असा मूक बदल झाला की प्रथिनातली अमिनो आम्ले तीच राहूनही त्याचे वर्तन बदलते. विरळ शब्दापाशी भाषांतराची गती बदलत असावी आणि त्यामुळे प्रथिनाची घडी वेगळी पडत असावी, असा खुलासा त्यात होता. समानार्थी शब्द खरोखर समानार्थी नव्हते!

ज्या परंपरेत कुंतकाने सुमारे हजार वर्षांपूर्वी पर्यायवक्रता सांगितली, तिच्या वारसांनी हे वाचून उडी मारायला हवी होती. एका अर्थाचे अनेक शब्द असताना कवी नेमका एकच का निवडतो, आणि तो बदलला तर काय ढळते, हा आमचा रोजचा प्रश्न. शब्दालंकार कोणता आणि अर्थालंकार कोणता, याची कसोटीच मम्मटाच्या परंपरेने पर्याय घालून पाहण्याची ठेवली आहे: पर्याय घातल्यावर टिकतो तो अर्थाचा, मोडतो तो शब्दाचा. समोरच्या खोलीत हाच प्रयोग नळ्यांमधून चालला होता. आम्ही त्या वेळी काय करीत होतो? 'संहिता', 'चिन्ह', 'विरचना' या शब्दांच्या मराठी प्रतिशब्दांवरून एकमेकांची डोकी फोडीत होतो.

तेव्हा आता आमच्याच घराकडे वळू. रेणवीय विज्ञानाने आमच्याकडून शब्द नेले आणि व्याज दिले नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकार आम्हांला तेव्हाच, जेव्हा आम्ही मुद्दल कुठे ठेवले हे आम्हांला आठवत असेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखनिकांच्या हातून चुका होतात, त्या चुका पुढच्या प्रतीत उतरतात, आणि अनेक प्रती ताडून मूळ पाठापर्यंत मागे जाता येते, हे त्यांच्या कामात गृहीत होते. पेशीतही नक्कल करणारे विकर अंदाजे लाख अक्षरांमागे एक चूक करते, स्वतःच मागे येऊन ती बरीचशी दुरुस्त करते, आणि उरलेल्यांसाठी आणखी एक यंत्रणा असते. शेवटी चुकांचे प्रमाण अब्ज अक्षरांत एखाददुसरी इतके खाली येते. मुद्रितशोधन हा शब्द येथे नुसती सजावट नाही. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम विष्णु सीताराम सुकथनकर यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभे केले. त्यांच्या आदिपर्वाचे संपादन १९३३ साली पूर्ण झाले. हस्तलिखितांचे वंश लावायचे, समाईक चुकांवरून समाईक पूर्वज ओळखायचा, ही ती पद्धत. सुकथनकर मूळचे केंब्रिजमध्ये गणित शिकलेले, हा योगायोग आम्ही मानत नाही. जीवांचे वंशवृक्ष डीएनएवरून लावणारी पद्धत तत्त्वतः हीच आहे, इतकी की १९९८ साली 'नेचर'मध्ये जीवशास्त्रज्ञांनी आणि इंग्रजीच्या अभ्यासकांनी मिळून चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांचा वंशवृक्ष जीवशास्त्राच्या संगणकप्रणालीने काढून दाखवला. भांडारकर संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आघारकर संशोधन संस्था आहे. पाठचिकित्सा ही एम.ए.च्या अभ्यासक्रमात अजून कुठे कुठे कशीबशी तग धरून आहे. तेथे शिकवणाऱ्या किती जणांनी तो रस्ता ओलांडला?

विज्ञान आणि मराठी साहित्य यांचा संबंध म्हटला की आम्ही विज्ञानकथेचे नाव घेतो आणि सुटतो. जयंत नारळीकर यांनी खगोलशास्त्र मराठीत आणले, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, २०२५ साली ते गेले तेव्हा आम्ही सर्वांनी श्रद्धांजलीचे लेख लिहिले. बाळ फोंडके यांच्यासारखे जीवविज्ञान जाणणारे लेखकही आहेत. पण विज्ञानकथा ही वैज्ञानिकाने आमच्या अंगणात येऊन केलेली पाहुणचाराची गोष्ट आहे. आम्ही त्यांच्या अंगणात, त्यांच्या पाठ्यपुस्तकाची भाषा वाचायला, एकदाही गेलो नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला नेहमीचा: विज्ञानाची भाषा इंग्रजी आहे, मराठीचा आग्रह मुलांना मागे ठेवील. शोधनिबंध इंग्रजीतच वाचावे आणि लिहावे, याविषयी आमचे दुमत नाही. पण निबंध लिहिणे ही विचाराची अखेरची पायरी आहे. तिच्या आधी बोलून पाहणे, चुकणे, दुरुस्त करणे असते, आणि तेथे इंग्रजीची सक्ती कोणत्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने केली आहे? इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमातही स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यापीठांना सुचवले आहे. आमच्या समोरच्या विभागात ते परिपत्रक कोणी पाहिलेले नव्हते. आमच्या विभागातही नव्हते, हे सांगितलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप, मराठीत शब्द नाहीत. हे खोटे आहे. हिंदीत ॲटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु म्हणतात; मराठीने अणू आणि रेणू अशी दोन सुटसुटीत नावे केली, आणि रेणूपासून रेणवीय सहज झाले. जनुक, गुणसूत्र, पेशी, प्रथिन, विकर हे शब्द शाळेतल्या पोरांच्या तोंडी आहेत. पण याच ठिकाणी परिभाषेच्या कैवाऱ्यांशीही आमचा वाद आहे. डीएनएला डीएनएच म्हणावे. त्याचे पूर्ण संस्कृतीकरण करून काही साधत नाही. आणि मध्य प्रदेशात २०२२ साली वैद्यकाची हिंदी पुस्तके निघाली तेव्हा उलट टोकाची टीका झाली, की इंग्रजी शब्द नागरीत लिहिले म्हणजे हिंदी झाली काय? दोन्ही भांडणे नामांची आहेत. भाषा वाक्यात असते. 'का', 'म्हणून', 'तरीही', 'नसते तर' यांच्यात ती असते, आणि ज्या विद्यार्थ्याला 'नसते तर' हे आपल्या भाषेत म्हणता येत नाही त्याला प्रयोगातला नियंत्रक नमुना कशासाठी ठेवतात हेही नीट कळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या विभागाने पेढे वाटले. व्हरांड्यापलीकडेही वाटले. बोलणे पेढ्यांवरच थांबले.

तिसरा आक्षेप आम्हांला खरा वाटतो. समोरच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "तुमचे लोक आमच्याकडे आले तर सगळेच रूपक आहे म्हणतील आणि प्रयोगच उडवून लावतील." १९९६ च्या सोकल प्रकरणानंतर, जेव्हा एका भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम लिहिलेला निरर्थक लेख एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाने गंभीरपणे छापला, या भीतीला आधार आहे. यावर आमच्यापाशी सोपे उत्तर नाही. रूपक आहे म्हणणे आणि खोटे आहे म्हणणे यांत अंतर आहे, आणि ते आमच्यातल्या पुष्कळांना पाळता येत नाही. पण रूपकाची राखण कोणीच केली नाही तर काय होते तेही पाहावे. २००० साली मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा जाहीर करताना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला ईश्वराची भाषा म्हटले. आपल्याकडे आज कोणताही पुढारी उठतो आणि अमुक गुण आमच्या 'डीएनए'त आहे, तमुक त्यांच्या 'डीएनए'त नाही असे सांगतो. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याची आमची जुनी खोड आता प्रयोगशाळेचा अंगरखा घालून आली आहे. हे वाक्य वैज्ञानिकदृष्ट्या खोटे आहे हे समोरचा विभाग जाणतो, पण बोलत नाही. ते भाषिकदृष्ट्या कसले काम करते हे आम्ही जाणतो, पण 'डीएनए' आला की विषय आमचा नाही असे समजतो. दोन मौनांच्या मधून ते वाक्य खुशाल फिरते आहे.

आणि मौनाची किंमत शेतातही मोजावी लागते. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. जिवाणूतले जनुक झाडात आणले; त्याचे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या ठरावीक ग्राहकांना चिकटते, आतड्याला छिद्रे पडतात, अळी मरते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१० साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला जुमानीत नसल्याचे मान्य झाले, आणि २०१७ मध्ये विदर्भातल्या बोंडांची जी दशा झाली ती आमच्या वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिली असेल. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारतातल्या शेतांमधून आणलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांची तपासणी होती: ज्या ग्राहकाला ते प्रथिन चिकटते त्या ग्राहकाच्या आरएनए-संहिता अनेक तऱ्हांनी चुकीच्या कापल्या-जोडल्या गेलेल्या आढळल्या. पाठात प्रक्षेप राहिले, मूळ ओळी गळाल्या, आणि त्या भ्रष्ट पाठाने अळीचा जीव वाचवला. २०१९ साली अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहिष्णू बियाणे उघडपणे पेरले. त्यांचे बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण तो वाद ज्यांनी शिकून घालावा ती मुले पुण्या-मुंबईत चार पर्यायांतला एक निवडीत बसली आहेत.

आम्ही अभ्यासमंडळाकडे एक अर्ज दिला आहे. एम.एस्सी.च्या प्रत्येक प्रबंधाला आठ पानांचा मराठी गोषवारा जोडावा आणि मौखिक परीक्षेत दहा मिनिटे विज्ञान न शिकलेल्या परीक्षकाला तो समजावून द्यावा, आणि एम.ए. मराठीच्या पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी समोर जाऊन वंशवृक्ष लावायला शिकावे. उत्तर अजून आलेले नाही.

त्या मुलीचा गोषवारा मात्र झाला. तीन आठवडे लागले. भ्रष्ट पाठाचा दृष्टांत तिला पटला, तिने तो ठेवला. मसुदा तिने फोनवर वडिलांना वाचून दाखवला, फोनचा स्पीकर आमच्या टेबलावर चालू होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग विचारले, "मंग नव्या बियाण्याले बी अळी असीच शिकून घेईन, तं तुमी थांबवान कसं वं माय?" ती म्हणाली, बीटीच्या शेजारी थोडी साधी कपाशी लावायची असते, तिथल्या अळ्या जगल्या पाहिजेत, म्हणजे शिकलेल्या अळ्यांशी त्यांचा संकर होतो, त्या पट्ट्याला, बाबा, इंग्रजीत 'रेफ्यूज' म्हणतात, त्याला मराठीत... येथे ती अडली आणि आमच्याकडे पाहू लागली. आम्ही 'आश्रयपट्टा' असे काहीतरी पुटपुटलो. पलीकडून आवाज आला, "ते नॉन-बीटीची पुडी म्हणतं का? थैलीसंगं येते ते? ते तं आमी बांधावर फेकून देतो."

गोषवाऱ्याच्या सातव्या पानावर तिने आमचा शब्द खोडला आणि 'नॉन-बीटीची पुडी' असे लिहिले.